रिकाम्या बारदानाचा हिशेब
(जांबोटीच्या पेठेतील टाकाऊ मालासंबंधी काही विचार)

बेळगावाहून चोर्ला घाटाने गोमंतकात उतरणाऱ्या मार्गावर, खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगास, जांबोटी हे गाव वसले आहे. कणकुंबीस माउलीच्या देवळाजवळ उगम पावलेली मलप्रभा ह्याच टापूतून वाट काढीत खानापुराकडे जाते, पुढे सौंदत्तीनजीक नविलुतीर्थाच्या जलाशयात विसावते आणि सुमारे ३०४ किलोमीटरांचा प्रवास संपवून कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. त्याच तालुक्याच्या दुसऱ्या उतारावरचे पाणी म्हादईच्या रूपाने गोव्यात शिरते आणि पणजीजवळ समुद्र गाठते. म्हणजे ह्या भागात पावसाचा थेंब कोणत्या उतारावर पडला, ह्यावर तो बंगालच्या उपसागरास जाणार की अरबी समुद्रास, हे ठरते. थेंबाचे जे, तेच ओहोळात टाकलेल्या कागदाच्या बोळ्याचे, शाम्पूच्या पुडीचे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीचे. फरक इतकाच की थेंब वाटेत आटतो, पुडी आटत नाही.

हा भूगोल आमच्या वाचकांस ठाऊक नाही असे मुळीच नाही. तो येथे सांगण्याचे कारण वेगळे आहे. आपल्या व्यापारी संघाच्या स्मरणिकेत मालाच्या आवकजावकीचा, करांचा, वाहतुकीचा आणि उधारीचा ऊहापोह होत असतो, आणि तो व्हावयासच हवा. तथापि जो माल दुकानात येतो त्याच्या मागोमाग एक दुसरा मालही येतो. त्याचे बिल निराळे येत नाही आणि त्याची नोंद कीर्दीत किंवा खतावणीत कोठेही पडत नाही. हा माल म्हणजे वेष्टनाचा. पुठ्ठ्याची खोकी, प्लॅस्टिकची आवरणे, पत्र्याचे डबे, बाटल्या, पट्ट्या, थर्मोकोलचे तुकडे आणि सायंकाळी दुकान झाडताना निघणारा तो सगळा ढीग! गावातील कचऱ्याचा मोठा वाटा ज्या दारातून आत येतो ते दार आपले आहे. म्हणून त्याच्या विल्हेवाटीचा विचार ग्रामपंचायतीने करावा आणि आपण केवळ गाऱ्हाणे सांगावे, हे आम्हास योग्य वाटत नाही.

पूर्वीच्या व्यापारात ह्या गोष्टीचा हिशेब होता. धान्य, साखर, गूळ, मिरची ही तागाच्या पोत्यांतून येत आणि वजन करताना 'बारदान वजा' हा शब्द प्रत्येक नोकराच्या तोंडी असे. रिकामे पोते फेकून देण्याची वस्तू नव्हती. त्यास भाव होता, त्याचे गठ्ठे बांधून ते पुन्हा पेठेत जात, फाटले तर त्यास ठिगळ लावून ते पुन्हा भरले जाई आणि अगदीच विरले तर दाराशी पायपुसणे म्हणून पडून राही. सुतळीदेखील सोडवून गुंडाळून ठेवली जात असे. तेलाचा पत्र्याचा डबा रिकामा झाला की त्यास कडी लावून बादली होई किंवा वर झाकण बसवून त्यात धान्य ठेवले जाई. वर्तमानपत्राच्या रद्दीच्या पुड्या बांधण्याचे कसब तर दुकानी बसणाऱ्या प्रत्येक मुलास प्रथम शिकावे लागे. घरी जुन्या लुगड्यांच्या वाकळी होत, उरलेल्या कपड्यांवर बोहारीण भांडी देई आणि फुटके तांबे-पितळ तांबटाकडे मोडीत जाऊन त्याच्या वजनाइतके पैसे नव्या भांड्याच्या किमतीतून वजा होत. लग्नकार्यात पंगत उठली की पत्रावळी आणि द्रोण उकिरड्यात जात व पुढच्या पेरणीस खत होऊन शेतात येत.

ह्या वर्णनावरून 'गेले ते दिवस' असा सूर काढण्याचा आमचा हेतू नाही. ती काटकसर पुष्कळशी टंचाईतून आलेली होती. आणि त्यातील सर्वच गोष्टी आज परत आणण्याजोग्या आहेत असेही नाही. छापील कागदाच्या शाईतील द्रव्ये अन्नात उतरतात म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, अशी सूचना अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली आणि पुन्हा २०२३ साली दिली आहे. तळलेले भजे रद्दीत देणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. खाद्यतेलाचा एकदा वापरलेला पत्र्याचा डबा पुन्हा खाद्यतेलासाठी भरण्यासही नियमाने मनाई आहे. परंतु त्या जुन्या व्यवहारातील एक गोष्ट मात्र निःसंशय मोलाची होती. टाकाऊ वस्तूस भाव होता, आणि तो भाव तिला योग्य ठिकाणी परत नेत होता. उपदेशाची गरज पडत नव्हती.

पुढे काय झाले ते सर्वांच्या डोळ्यांदेखत झाले. १९८० नंतरच्या काळात शाम्पू, चहा, मसाले, सुपारी, बिस्किटे ही सारी लहान लहान पुड्यांतून येऊ लागली. गरीब गिऱ्हाइकास रुपया-दोन रुपयांत वस्तू मिळू लागली, हा त्याचा लाभ नाकारता येणार नाही. आपल्या दुकानांची विक्रीही त्याने वाढली. मात्र ही पुडी प्लॅस्टिक, ॲल्युमिनियमचा वर्ख आणि पुन्हा प्लॅस्टिक अशा एकमेकांस चिकटविलेल्या थरांची असते. ते थर सहज विलग होत नाहीत, आणि म्हणून भंगारवाला तिच्याकडे पाहतही नाही. पोत्यास भाव होता, पुडीस नाही. सारा प्रश्न ह्या एका वाक्यात सामावला आहे असे म्हटले तरी चालेल.

आता जे विकले जाते त्याचा प्रथम विचार करू. पेठेतील झाडलोटीत सर्वांत भारी जिन्नस म्हणजे पुठ्ठा. तो कोरडा असेल तर कागद कारखान्यांस नेहमी हवा असतो. त्यातील तंतू पाच-सात वेळा तरी पुन्हा कागदात येऊ शकतात. पण तोच पुठ्ठा एकदा भिजला की त्याचा भाव पडतो, आणि जांबोटीसारख्या अतिवृष्टीच्या गावी जूनपासून चार महिने भिजल्यावाचून राहणे हीच मोठी कामगिरी असते. त्यानंतर पाण्याच्या व सरबताच्या पारदर्शक बाटल्या. बुडाशी त्रिकोणात १ हा आकडा असतो, ह्यांचे धागे होऊन कापड विणले जाते. २ हा आकडा असलेले दुधाळ, जाड डबे आणि ५ आकड्याची झाकणे व भांडी ह्यांनाही गिऱ्हाईक आहे. पत्रा आणि ॲल्युमिनियम ह्यांविषयी सांगावयासच नको. ॲल्युमिनियम खनिजापासून काढण्यापेक्षा भंगारापासून वितळविण्यास सुमारे ९५ टक्के शक्ती कमी लागते, आणि कारखानदार भाव देतो तो ह्याच कारणाने. काच कितीही वेळा वितळली तरी तिचा दर्जा घटत नाही. परंतु ती जड आणि स्वस्त असल्याने दूरच्या कारखान्यापर्यंतचे भाडे तिच्याने सोसत नाही. तेव्हा बाटली फोडून तुकडे करण्यापेक्षा अखंड बाटलीच परत पाठविणे शहाणपणाचे.

हे सर्व मिसळलेले असते तोपर्यंत त्यास काडीची किंमत नाही. ओल्या भाजीच्या देठांत पडलेला पुठ्ठा हा पुठ्ठा राहत नाही. व्यापाऱ्यास हे पटविण्याची आवश्यकता नसावी. गहू आणि ज्वारी एकाच पोत्यात भरून अडत्याकडे नेणारा मनुष्य अद्याप आमच्या पाहण्यात आलेला नाही.

येथे खेड्यातील पेठेची खरी अडचण येते, ती म्हणजे वाहतूक. लिटरभर पाण्याची रिकामी बाटली वीस-पंचवीस ग्रॅमांची असते. हजार बाटल्यांनी टेम्पो भरून गेल्यासारखा दिसतो आणि काट्यावर घातला की माल भरतो वीस-पंचवीस किलो! म्हणजे भाडे आपण हवेचे देतो. म्हणून फिरता भंगारवाला जांबोटीच्या एका दुकानापुढे थांबून जो भाव सांगतो तो पडेल असाच असणार. त्यास दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला दहा ठिकाणी थांबून थोडा थोडा माल उचलावयाचा असतो.

ह्यावर एक उघड उपाय आहे, आणि तो आपल्याच धंद्यातला आहे. माल एकत्र करणे आणि परतीची गाडी. समजा, पेठेतील व आसपासच्या वाड्यांतील ४० दुकानदारांनी दररोज सरासरी दीड किलो कोरडा पुठ्ठा बाजूस ठेवला, तर दिवसाचे ६० किलो आणि २५ दिवसांचे १,५०० किलो होतात. किलोस १० रुपये भाव धरला तर ही रक्कम १५,००० रुपये होते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. पुठ्ठ्याचा भाव वरखाली होतो हे सांगावयास नको. परंतु हाच माल चाळीस जणांनी सुटा सुटा विकला तर त्याच्या निम्मी रक्कमही हाती येणे कठीण, आणि बहुतेकदा तो दुकानामागे जाळलाच जातो. बेळगावाहून किराणा, सिमेंट, खते घेऊन येणाऱ्या गाड्या परतताना रिकाम्या जातात. त्या गाडीत दाबून बांधलेले गठ्ठे चढविले तर भाडे नाममात्र पडेल. गठ्ठे बांधण्याचे हाताने चालणारे दाबयंत्र व एक पत्र्याचे छप्पर, एवढ्या भांडवलावर हा उद्योग उभा राहू शकतो.

आता ज्यास भाव नाही त्याचे काय? येथे कोणी 'सर्व काही विकले जाते' असे सांगू लागला तर तो एकतर अनभिज्ञ आहे किंवा फसवीत आहे, असे समजावे. चिप्सची पाकिटे, शाम्पूच्या पुड्या, गुटख्याची वेष्टने ह्यांचा आज उपयोग एवढाच की ती कोरडी करून, गठ्ठे बांधून सिमेंटच्या भट्टीत कोळशाच्या जोडीने जाळावयाची. भट्टीतील प्रखर उष्णतेत त्यांचे पूर्ण ज्वलन होते. गोव्यातील असा कचरा कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांकडे पाठविला जातो, हे ह्या बाबतीतले जवळचे उदाहरण. परंतु त्यास पैसे मिळत नाहीत. उलट पोहोचविण्याचा खर्च लागतो. हा खर्च कोणी सोसावा?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक नियमांनुसार वेष्टन बाजारात आणणाऱ्या उत्पादकांवर ते परत गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी आहे. कायदा असा असला तरी मोठ्या कंपनीचा प्रतिनिधी नवा माल घेऊन जांबोटीस येतो, जुन्या पुड्या घेऊन जात नाही, हा नित्याचा अनुभव. एकट्या दुकानदाराने विचारले तर तो हसेल. संघाने तालुक्याच्या वतीने लेखी विचारले तर त्यास उत्तर द्यावे लागेल. तोपर्यंत ही तूट पुठ्ठ्याच्या नफ्यातून भरून काढणे, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. आपल्या पेढ्यांवर दर पोत्यामागे धर्मादायाची पै बाजूस काढण्याची चाल होती आणि तिच्यावर पांजरपोळ, धर्मशाळा, पाणपोया चालल्या. त्या पैशाचा एक वाटा ह्या कामी लावण्यास कोणाचा धर्म आड येईल असे आम्हास वाटत नाही.

पांजरपोळाचा उल्लेख ओघाने आला, परंतु तो विषयाशी निगडितच आहे. उरलेले अन्न पिशवीत बांधून गाठ मारून फेकण्याची सवय सर्वत्र पडली आहे. गाईस गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट गिळते. पिशवी पोटात राहते, दुसरी तिच्यास गुंडाळते, आणि असे होत होत पशुवैद्यांनी शस्त्रक्रिया करून एकेका जनावराच्या पोटातून वीस-तीस किलोंहून अधिक प्लॅस्टिक काढल्याची उदाहरणे देशभर घडली आहेत. गाय उपाशी दिसत नाही, पोट भरलेलेच असते, आणि ती अन्नावाचून मरते. एका हाताने पांजरपोळास देणगी आणि दुसऱ्या हाताने गाठ मारलेली पिशवी, ह्यांचा मेळ कसा घालावा? जांबोटीच्या जवळ तर २०११ साली घोषित झालेले भीमगडचे अभयारण्य आहे. गावाबाहेरच्या उकिरड्यावर केवळ पाळीव जनावरेच येतात असे नाही.

आपल्या शास्त्रांत साधूंसाठी ज्या पाच समिती सांगितल्या आहेत, त्यांतील पाचवी उत्सर्ग समिती होय. टाकावयाची वस्तू कोठे आणि कशी टाकावी, तेथे जीवजंतू आहेत किंवा कसे हे पाहून मगच ती टाकावी, असा तिचा आशय. गृहस्थास ते व्रत जसेच्या तसे पाळणे शक्य नसले तरी टाकण्याच्या क्रियेस इतका स्वतंत्र विचार देणारी परंपरा आपली आहे, एवढे नमूद करून आम्ही पुढे जातो.

ओल्या कचऱ्याविषयी. भाजीपाल्याचे देठ, फळांच्या साली, नारळाच्या शेंड्या, जनावरांच्या गोठ्यातला पालापाचोळा हे ह्या भागात विपुल आहेत आणि त्यांस बेळगावास नेण्याचे काहीही कारण नाही. ह्यासाठी सर्वांत सोयीची रीत एका मराठी शेतकऱ्यानेच दिलेली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे ह्यांनी विटांच्या जाळीदार हौदात खत करण्याची पद्धत बसविली, आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून ओळखली जाऊ लागली. हौद दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच. भिंतीत हवेसाठी विटांच्या फटी सोडलेल्या. त्यात सुमारे १,४०० किलो काडीकचरा, शंभर किलोच्या आसपास शेण आणि दीड-पावणेदोन टन बारीक माती ह्यांचे थर देऊन, पाणी शिंपडून वरून शेणमातीने लिंपून टाकावयाचे. तीन-चार महिन्यांत अडीच-तीन टन उत्तम खत तयार होते. ह्या पद्धतीची खुबी अशी की थोड्या शेणात पुष्कळ खत होते. घरोघरी दावणी भरलेल्या असत तेव्हा ह्याची मातब्बरी वाटली नसती, आज वाटते.

विटांसाठी दूर जाण्याचे कारण नाही. खानापूरच्या विटा आणि कौले उभ्या महाराष्ट्र-कर्नाटकात प्रसिद्ध आहेत, आणि भट्टीतील तुटक्या विटा तर ह्या हौदास अधिकच चांगल्या, कारण त्या स्वस्त पडतात व फटी आपोआप राहतात. जांबोटीच्या पावसात मात्र उघडा हौद कामाचा नाही. त्यातील सत्त्व वाहून जाईल. वर गवताचे किंवा पत्र्याचे छप्पर हवे आणि हौद ओहोळापासून लांब, उंचवट्यावर हवा. पुस्तकात दिलेली रीत कोरड्या प्रदेशातील आहे, हे बांधणाऱ्या गवंड्यास आधी सांगावे.

ह्या भागातील काजूचा धंदाही येथे विचारात घेतला पाहिजे. काजूबी फोडल्यावर वजनाने सुमारे पाऊण हिस्सा उरतो तो टरफलांचा. हे टरफल नुसते जाळले तर धुराने डोळे झोंबतात, अंगावर उडाले तर कातडी भाजते. परंतु त्यात वजनाच्या वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत जे काळपट तेल असते ते रंग, राळ आणि मोटारींच्या ब्रेकांचे अस्तर बनविण्यास लागते. तेल काढून उरलेला चोथा भट्टीत सरपण म्हणून चालतो. बोंडूचे मात्र फार मोठे नुकसान होते. गोव्यात त्याची फेणी करतात; आमच्या वाचकांस तो मार्ग सुचविण्याचे प्रयोजन नाही. सरबत, जनावरांचे खाद्य आणि शेवटी नाडेपचा हौद, असे उपयोग मात्र कोणासही करता येण्याजोगे आहेत.

चोर्ला मार्गावर प्रवाशांची वर्दळ वाढल्यापासून खाणावळी आणि फराळाची दुकानेही वाढली. तळणीचे तेल पुन्हापुन्हा तापविल्याने त्यात विषारी द्रव्ये साठतात, म्हणून १ जुलै २०१८ पासून अशा द्रव्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल वापरण्यास मनाई झाली आहे. हे तेल गटारात ओतू नये, गाडीवाल्यास स्वस्तात तर मुळीच विकू नये. कारण ते पुन्हा कोणाच्या तरी कढईत जाते. त्यापासून डिझेलच्या जोडीचे इंधन तयार करणारे उद्योग आता देशात आहेत व ते असे तेल विकत घेतात. एका दुकानाचे तेल थोडे भरेल, परंतु जांबोटीपासून कणकुंबीपर्यंतच्या दुकानांचे तेल एका पिंपात साठविले तर नेणारा येईल.

टाकाऊ वस्तू हीच धंद्याची वस्तू होऊ शकते, ह्याची साक्ष आपल्या सीमाभागातच ठायीठायी आहे. निपाणीचे नाव तंबाखूने झाले. विडीसाठी पान विशिष्ट आकारात कापल्यावर जी कातरण उरते ती चुलीत जाते, गोळा करून तिच्या इंधनाच्या कांड्याही पाडता येतात. साखर कारखान्यांत उसाचे चिपाड एकेकाळी अडगळ समजले जाई. आज त्यावर कारखान्याचे बाष्पक चालतात आणि वीज निर्माण होऊन बाहेर विकली जाते. उसाच्या फडात उरणाऱ्या पाचटापासून कोळसा करण्याच्या रीतीबद्दल फलटण व पुणे येथे कार्य केलेल्या आनंद कर्वे ह्यांच्या 'आरती' संस्थेस २००२ साली ॲश्डेन पारितोषिक मिळाले, आणि स्वयंपाकघरातील उष्ट्याखरकट्यावर चालणाऱ्या लहान गॅसयंत्राबद्दल २००६ साली पुन्हा मिळाले. बेळगावच्या उद्यमबागेतील ओतशाळा तर भंगार लोखंड वितळवूनच जगतात. साच्यात वापरून झालेली वाळू फेकून न देता ती भाजून, स्वच्छ करून पुन्हा वापरण्याची सामाईक व्यवस्थाही तेथील कारखानदारांनी उभी केली. स्पर्धक असूनही त्यांना हे एकत्र येऊन करता आले, ह्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो.

परंतु कारखान्याचे एक आणि गावाचे एक. गावाच्या बाबतीत पाहावयाचे तर बेळगावहून वेंगुर्ल्याचा रस्ता धरावा. ह्या रस्त्याने निघाल्यावर प्रथम तुरमुरी लागते. बेळगाव शहराचा कचरा तेथे नेला जातो, आणि त्या गावाने दुर्गंधीपायी काय सोसले आहे ते तेथील लोकांसच विचारावे. त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकास वेंगुर्ले आहे. बारा-साडेबारा हजार वस्तीचे हे बंदराचे शहर; तेथेही कचरा डेपो होता आणि नाकास पदर लावल्यावाचून तेथून जाता येत नव्हते. २०१५ च्या सुमारास मुख्याधिकारी रामदास कोकरे ह्यांनी घरातच कचरा वेगळा करून देण्याचा नियम कडकपणे अमलात आणला. घरोघरचा वेगळा कचरा केंद्रात आल्यावर त्याचे पुन्हा वीस-पंचवीस प्रकार केले जाऊ लागले. ओल्यापासून गॅस, पालापाचोळ्यापासून इंधनाच्या कांड्या, प्लॅस्टिकचे तुकडे करून ते डांबरी रस्त्यात, आणि उरलेले भंगार विक्रीस. डेपोच्या जागी बाग झाली आणि ती पाहावयास लोक तिकीट काढून येऊ लागले! ह्यात यंत्रे फार मोठी नव्हती. दररोज, न चुकता, वेगळा केलेला कचराच घ्यावयाचा आणि मिसळलेला दारातच ठेवावयाचा, हा हट्ट मोठा होता. असा हट्ट एका अधिकाऱ्याच्या बदलीनंतर टिकविणे हेच सर्वांत अवघड, असे आमचे मत आहे. आणि येथे स्थानिक व्यापारी संघाचे महत्त्व येते, कारण संघाची बदली होत नाही.

ज्यांच्या हातांनी हे काम होते त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. पुण्यात १९९३ साली बाबा आढाव ह्यांच्या पुढाकाराने कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या स्त्रियांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. उकिरड्यातून माल वेचणाऱ्या ह्या बायकांना तोपर्यंत चोर समजले जाई. पंचायतीने त्यांना ओळखपत्रे मिळवून दिली, आणि पुढे त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. घरून मिळणारे मासिक शुल्क आणि भंगाराच्या विक्रीचे पैसे, दोन्ही वेचणाऱ्या बाईचे. कर्नाटकातील अनेक ग्रामपंचायतींनीही कचरा वर्गीकरणाची केंद्रे बांधून त्यांचे काम महिलांच्या स्वसहाय्य गटांकडे सोपविले आहे, आणि काही ठिकाणी कचऱ्याची गाडी चालविणारीही स्त्रीच आहे. आपण जांबोटीत जे काही करू त्यात फायद्याचा पहिला हक्क हाताने निवड करणाऱ्याचा असावा; हातमोजे, साबण आणि सावली ह्यांचा खर्च प्रथम मांडावा आणि मग गठ्ठ्यांचा भाव पाहावा.

कायद्याविषयी थोडक्यात. मुंबई-दिल्लीच्या मानाने लहान गावांस कोणी विचारीत नाही, असा समज करून घेऊ नये. अल्मित्रा पटेल ह्यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जापासून हा विषय न्यायालयांपुढे आहे. त्याच प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये दंडाचा आदेश दिला. कर्नाटकात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर मार्च २०१६ पासून बंदी आहे. पेले, चमचे, थर्मोकोलची ताटे इत्यादी एकदाच वापरावयाच्या वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर आहे. दंडाच्या भीतीने सुधारणा होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु तपासनीस दारात आल्यावर 'आम्हास ठाऊक नव्हते' हे उत्तर व्यापाऱ्याच्या तोंडी शोभणार नाही.

काही सभासदांनी ह्यावर घेतलेले आक्षेप आमच्या कानी आहेत. जागा अपुरी, नोकर मिळत नाही, गिऱ्हाईक पिशवी मागते व नाही म्हटले तर शेजारच्या दुकानात जाते. पहिल्या दोहोंत तथ्य आहे. दुकानात तीन डबे ठेवण्यास जागा नसेल तर दोन पोती खुंटीस टांगावी. एकात पुठ्ठा, दुसऱ्यात प्लॅस्टिक, आणि ओले ते मागील दारी. तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर मात्र एकट्याने देता येत नाही. पेठेतील सर्वांनी एकाच दिवसापासून पिशवी बंद केली तर शेजारचे दुकान उरतच नाही. कापडी पिशवी दुकानातच शिवून ठेवावी, अनामत घेऊन द्यावी व परत आणल्यास अनामत परत करावी; जुन्या सोड्याच्या बाटलीचा व्यवहार असाच होता आणि बाटली सहसा हरवत नसे. घरातील भगिनींनी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून दिल्यास दुकानाचा खर्चही वाचेल. त्यांनी मजुरी मागितली तर ती द्यावी. घरचे काम फुकटचे हा हिशेबही जुना झाला.

छपराची जागा, दाबयंत्राची वर्गणी आणि परतीच्या गाडीचा वार, ह्या तीन गोष्टी संघाच्या सभेत ठरल्या की बाकीचे सुरू होण्यास महिन्याहून अधिक काळ लागू नये. जागा पाहताना ती सडकेच्या कडेस, गाडी लागेल अशी आणि ओहोळाच्या वरच्या अंगास असावी. मृग नक्षत्राचा पाऊस लागण्यापूर्वी छप्पर उभे राहिले पाहिजे, अन्यथा पहिल्या हंगामाचा पुठ्ठा भिजून जाईल आणि पुढील वर्षापर्यंत थांबावे लागेल. त्याच सुमारास पेठेमागील चर व ओहोळाचे तोंड एकदा मोकळे करून घ्यावे. गतवर्षी साचलेले जे असेल ते पहिल्या सरीबरोबर मलप्रभेकडे निघते.